लोखंडाचे अंग, पोलादाची धार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे मोठे गाव आहे. गोदावरीच्या उत्तरेकडचा हा काळ्या मातीचा मुलूख. जवळच साखर कारखाना असल्यामुळे भोवती ऊसही आहे. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला, की अशा भागातल्या लोहारांकडे कोयत्यांचे काम वाढते. नवा कोयता बहुधा ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवलेला असतो. पाट्याचा तुकडा तोडायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकून आकार द्यायचा, धारेला पाणी द्यायचे आणि मूठ बसवायची. पाठीपासून धारेपर्यंत कोयता एकाच धातूचा. आपल्याला हे इतके साहजिक वाटते, की कोयता किंवा कुऱ्हाड दोन वेगवेगळ्या धातूंची असू शकेल, हे सहसा मनातही येत नाही.

ट्रक रस्त्यावर येण्यापूर्वी मात्र बरीचशी हत्यारे अशी होत नसत. जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळची एखादी कुऱ्हाड पडलेली असते. तिचा धारेजवळचा भाग नीट घासून पाहिला, तर कधीकधी एक पुसट रेष दिसते. रेषेच्या एका बाजूला मऊ लोखंड, दुसऱ्या बाजूला पोलाद. दोघांना जोडणारा खिळा नाही, झाळ नाही, वितळवून ओतलेला तिसरा धातूही नाही. दोन तुकडे तापवून, एकमेकांवर ठेवून, घणाने ठोकून एकजीव केलेले आहेत. या क्रियेला आपण या लेखापुरते ‘घडाई-जोड’ म्हणू या. पोलादाचा इतिहास लिहिताना दक्षिण भारतातल्या मुशीतल्या पोलादाचे, म्हणजे ‘वुट्झ’चे, कौतुक भरपूर होते आणि ते रास्तच आहे. पण गावोगावी ज्या हत्यारांनी शेती झाली, लाकूड तुटले आणि दगड फुटला, त्यांतली कितीतरी या दुसऱ्या, अप्रसिद्ध विद्येवर उभी होती. हे दोन मार्ग वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत सहजी का मिसळत नव्हते यामागे एक सुरेख वैज्ञानिक कारण आहे.

दोन धातू कशासाठी?

लोखंड आणि पोलाद यांतला मुख्य फरक कार्बनचा. घडीव लोखंडात कार्बन ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. हत्याराच्या पोलादात तो साधारण अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत असतो. बिडात तो तीन-चार टक्क्यांवर जातो, आणि बीड ठोकले की फुटते. पोलाद लालबुंद करून पाण्यात बुडवले, की लोखंडाच्या स्फटिकांत विरघळलेल्या कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला अवधीच मिळत नाही. ते जागच्या जागी अडकतात, स्फटिकाची रचना ताणली जाते आणि धातू अतिशय कठीण होतो. लोहार याला ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. मऊ लोखंडात अडकून पडायला पुरेसा कार्बनच नसतो, त्यामुळे त्याला दहा वेळा पाणी पाजले तरी ते मऊच राहते.

कठीणपणाबरोबर ठिसूळपणा येतो. म्हणून अंग मऊ ठेवायचे, ते धक्का सोसते. धार कठीण ठेवायची, ती कापते. दोन धातूंच्या हत्याराचे कारण म्हणून पुस्तकांत एवढेच दिलेले असते. ते खोटे नाही, पण माझ्या मते ते दुय्यम आहे. खरे मोठे कारण किमतीचे होते.

जुन्या भट्टीत लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश सेल्सिअस. कोळशाच्या लहान भट्टीत तापमान फार तर १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाई. तेवढ्या उष्णतेत खनिजातला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडबरोबर निघून जातो, मळी वितळून वाहते आणि मागे लोखंडाचा स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरतो. हा गोळा पुन्हा पुन्हा तापवून ठोकला, की आतली मळी पिळून निघते आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटतात. म्हणजे साध्या घडीव लोखंडाची कांबसुद्धा मुळात असंख्य घडाई-जोडांनीच बनलेली असते! दिल्लीचा सुमारे सहा टनांचा लोहस्तंभ असाच लोखंडाचे गोळे एकमेकांना ठोकून जोडत उभा केलेला आहे.

त्या लोखंडापासून पोलाद करायचे, तर त्यात कार्बन शिरवायला हवा. लोखंडाची पट्टी कोळशाच्या भुकटीत पुरून, हवा लागू न देता साधारण ९५० अंशांवर तापवत ठेवली, तर कार्बनचे अणू हळूहळू आत झिरपतात. किती हळू? आठ तास ठेवले तर जेमतेम मिलिमीटरभर. रात्रभराचा कोळसा जाळून पट्टीची फक्त कातडी पोलादाची होते. तेव्हा पोलाद म्हणजे लोखंड अधिक कोळसा अधिक वेळ. अख्खी कुऱ्हाड पोलादाची करणे म्हणजे पितळेच्या हंड्याला चांदीचा मुलामा देण्याऐवजी हंडाच चांदीचा करण्यासारखे होते.

मराठवाड्यात तर लोखंडच बाहेरून यायचे. इथे विद्यार्थी हमखास विचारतो: आपला काळा दगड लोखंडामुळेच काळा आहे ना, मग इथे लोखंड का निघत नव्हते? बेसॉल्टमध्ये लोह असते हे खरे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. पण त्यातले बरेचसे सिलिकेट खनिजांत बांधलेले असते आणि कोळशाच्या भट्टीत त्यातून धातू काढणे परवडत नाही. चांगले खनिज मिळायचे ते पूर्वेला चांद्याकडे, लोहाऱ्याच्या डोंगरात, किंवा गोदावरीच्या खालच्या अंगाला तेलंगणात. पश्चिमेला महाबळेश्वरच्या पठारावर धावड लोक जांभ्यातून लोखंड काढीत. एकोणिसाव्या शतकात जंगलतोडीवर निर्बंध आले, कोळसा मिळेनासा झाला आणि तो धंदा बसला. आजच्या जालना जिल्ह्यातल्या गावात लोखंडाची कांब येई ती बैलगाडीने, लांबून. बलुतेदारीच्या रीतीत लोहाराला वर्षाचे धान्य मिळे, पण लोखंड बहुधा शेतकऱ्यानेच आणून द्यायचे असे. तेव्हा लोखंडसुद्धा जपून वापरायची वस्तू होती. पोलाद तर नखाएवढे लागेल तिथे नखाएवढेच लावायचे. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असाही शब्द होता. संस्कृत रसग्रंथांतल्या ‘तीक्ष्ण’ लोहाशी त्याचे नाते उघड आहे, आणि कोकणीत तो आजही ऐकू येतो.

या हिशेबाची मुळे किती जुनी असावीत? नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तिथे लोखंड गाळण्याची भट्टी, तिच्या भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. जवळच माहूरझरीच्या शिलावर्तुळांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर अशी लोखंडी हत्यारे निघाली. विदर्भातल्या या महापाषाणयुगीन वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर दिसले, की त्या लोहारांना मऊ लोखंड आणि पोलाद यांतला भेद माहीत होता आणि हत्याराच्या कामाच्या भागात कार्बन वाढवण्याची युक्तीही अवगत होती.

जोड बसतो कसा?

लोखंडाचे दोन स्वच्छ पृष्ठभाग अणूला अणू भिडेल इतके जवळ आणले, तर ते जोडले जाणारच. एका तुकड्यातल्या अणूला शेजारचा अणू आपल्या तुकड्यातला की परका, हे कळत नाही. मग लोखंडावर लोखंड ठेवले की ते चिकटत का नाही? कारण पृष्ठभाग स्वच्छ नसतो. तापवताना तर लोखंडावर ऑक्साइडचा काळा पापुद्रा भराभर चढतो, आणि तोच दोघांच्या मध्ये येतो. लोहाराचे सगळे कौशल्य हा पापुद्रा बाजूला सारण्यात आहे.

हा पापुद्रा स्वतः सुमारे १३७० अंशांना वितळतो. पण त्यावर बारीक वाळू टाकली, तर वाळूतली सिलिका आणि लोहाचे ऑक्साइड मिळून जे संयुग बनते ते साधारण १२०० अंशांनाच पातळ होते. वरून घण बसला की हा पातळ रस ठिणग्यांच्या चिळकांडीसारखा बाहेर उडतो आणि उघडे पडलेले धातू एकमेकांना भिडतात. म्हणून घाव मधून सुरू करून कडेकडे न्यायचे. कडा आधी ठोकल्या तर रस आत कोंडतो आणि जोड पोकळ राहतो. जाणता कारागीर जोडायच्या तोंडांना थोडा फुगवटा देतो तोही याचसाठी.

मऊ लोखंडाला वाळू पुरते, कारण ते पांढरे होईस्तोवर, तेराशे अंशांपर्यंत तापवले तरी बिघडत नाही. पोलादाचे तसे नाही. कार्बन जितका जास्त तितके ते लवकर वितळू लागते, आणि त्याआधीच त्यातला कार्बन जळू लागतो. भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या, की पोलाद जळाले असे समजावे; ते पुन्हा कामाचे राहत नाही. इथे उपयोगी पडतो टाकणखार. तो साडेसातशे अंशांच्या आतच काचेसारखा वितळतो, पापुद्रा विरघळवून घेतो आणि खालच्या धातूला हवा लागू देत नाही. त्यामुळे हजार-अकराशे अंशांवरही जोड बसू शकतो. हा खार पूर्वी तिबेट आणि लडाखच्या बाजूने हिमालय ओलांडून येत असे. युरोपात तो ज्या ‘टिंकल’ नावाने पोचला, ते नाव आपल्या ‘टंकण’ शब्दाचेच भावंड आहे. सोनाराला तो झाळकामासाठी लागे, तसा लोहारालाही.

तरी खरी अडचण उरतेच. एकाच भट्टीत दोन धातू, आणि दोघांना सोसणारे ताव वेगळे. लोखंड जोडायला तयार होते त्या तावावर पोलाद जळायला लागलेले असते. म्हणून लोखंड आधी चढवायचे, पोलाद मागून. तापमापक नाही, डोळ्यांनी रंग ओळखायचा. लोहाराची भट्टी सावलीत, अंधाऱ्या छपराखाली असते ती ऊन लागते म्हणून नव्हे; भर उन्हात केशरी आणि पिवळा यांतला फरक कळत नाही म्हणून. ताव बरोबर आला की ऐरणीवर आणून पहिले घाव घालायला मोजके क्षण मिळतात. त्या क्षणांत सांडशी धरणारा हात आणि घण उचलणारे हात यांचा मेळ बसावा लागतो. मराठवाड्यात गाडीवर संसार घेऊन फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत घण बहुतेकदा बाईच्या हातात असतो. लोहारकामाच्या वर्णनांत ही गोष्ट ओझरती येते. काम पाहिले तर अर्धी विद्या त्या घणात आहे.

पदरावर पदर

कुऱ्हाडीसाठी सोपी रीत अशी: लोखंडाच्या अंगाची कड छिन्नीने चिरायची, चिरेत पोलादाची पाचर बसवायची आणि ताव देऊन दाबून टाकायची. धार झिजत गेली तरी मधले पोलाद पुढे येत राहते. छिन्नीसारख्या एकाच बाजूने उतरत्या हत्याराला पोलाद एका अंगालाच लावले तरी चालते. जपानमधल्या साकाई शहरात आजही स्वयंपाकघरातल्या सुऱ्या याच पद्धतीने घडवल्या जातात: मऊ लोखंडाच्या पाठीवर पोलादाचा पदर.

याच्या पुढची पायरी म्हणजे अनेक पदर. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, जोडायच्या, ठोकून लांब करायच्या, मधून दुमडून पुन्हा जोडायच्या. प्रत्येक घडीला पदर दुप्पट. दहा घड्यांत एकाचे १०२४ होतात. गणिताच्या तासाला दोनच्या घातांचे याहून जिवंत उदाहरण शोधून सापडणार नाही. पण पदर वाढले की हत्यार त्या प्रमाणात चांगले होत जाते, असा जो समज आहे तो तपासून पाहू या.

समजा गठ्ठ्याची जाडी २५ मिलिमीटर आहे. १०२४ पदर झाले म्हणजे एका पदराची जाडी सुमारे ०.०२४ मिलिमीटर. आता अकराशे अंशांवर कार्बनचे अणू तापल्या लोखंडात एका मिनिटात साधारण ०.०७ मिलिमीटर सरकतात. म्हणजे भट्टीतल्या मिनिटाभरातच कार्बन एका पदरातून शेजारच्या दोन-तीन पदरांत पोचलेला असतो. मऊ पदर आणि कठीण पदर असे काही उरतच नाही! सगळीकडे सरासरी कार्बन होतो. मग इतक्या घड्या घालायच्या कशासाठी? जपानी तलवारीच्या पोलादाला दहा-पंधरा घड्या घालत, त्यामागचा मोठा लाभ हाच होता: भट्टीतून निघालेल्या ओबडधोबड पोलादातला कार्बन सारखा करायचा आणि मळीचे दाणे बारीक करून पसरवायचे. घडीगणिक पापुद्र्याच्या रूपाने धातू वाया जातो तो वेगळाच.

पदर डोळ्यांना दिसत राहावेत असे वाटत असेल, तर सहज न सरकणारे मूलद्रव्य हवे. मोठ्या आकाराचे अणू कार्बनच्या मानाने जागचे हलत नाहीत म्हटले तरी चालेल. युरोपातल्या सुरुवातीच्या मध्ययुगीन तलवारींत फॉस्फरसयुक्त लोखंडाच्या सळ्या साध्या लोखंडाबरोबर पिळून जोडलेल्या असत. इंग्लंडमध्ये सटन हू येथे १९३९ साली सापडलेली सातव्या शतकातली तलवार अशी आहे. आजचे हौशी कारागीर सुमारे दोन टक्के निकेल असलेले पोलाद साध्या पोलादाबरोबर रचतात. आम्लात बुडवल्यावर निकेलचे पदर चकचकीत राहतात, बाकीचे काळवंडतात.

मुंबईच्या डॉक्टरचे पत्र

आता वुट्झकडे वळू. १७९४ च्या सुमारास मुंबईतले एक वैद्य, डॉ. हेलेनस स्कॉट, यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठवले. सोबतच्या पत्रातली माहिती जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ च्या आपल्या निबंधात दिली आहे. स्कॉट लिहितात, की या पोलादाला इथल्या कोणत्याही धातूपेक्षा कठीण पाणी चढते. दगड कापायला, चरकावर लोखंड कापायला, छिन्न्या, कानशी आणि करवतींना ते वापरतात. पण लालीच्या जरा पुढे तापवले, की त्याचा काही भाग वितळल्यासारखा होतो आणि सगळा तुकडा वाया जातो. आणि याहून मोठा दोष त्यांनी नोंदवला: हे पोलाद लोखंडाशी किंवा दुसऱ्या पोलादाशी ठोकून जोडता येत नाही, मळसूत्राने किंवा दुसऱ्या कसल्यातरी खटपटीने ते बसवावे लागते.

स्कॉट यांचे निरीक्षण किती अचूक होते पाहा. वुट्झमध्ये कार्बन एक ते दोन टक्के, बहुधा दीडच्या आसपास. इतका कार्बन असला की पोलाद साधारण १२०० अंशांच्या जवळपास अंशतः वितळायला लागते. फॉस्फरस असेल तर स्फटिकांच्या मधले भाग त्याहून कमी तापमानाला पातळ होतात. म्हणजे मऊ लोखंड ज्या तावाला जोड घेते, त्या तावाला वुट्झ ऐरणीवर चुरा होऊन पडते. आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध धातुविद्या आणि गावच्या लोहाराची रोजची विद्या यांच्यात ही शंभर-दीडशे अंशांची भिंत होती. गावच्या कुऱ्हाडीला जो पदर लावायचा तो बेताच्या कार्बनचा असणेच सोयीचे होते.

वुट्झचा एक मोठा पेठा मराठवाड्याला परका नव्हता. निजामाच्या राज्यात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता आणि गोदावरी दोन्हीकडची एकच. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले वैद्य आणि भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांनी १८२० च्या आसपास तिथली कृती पाहिली. त्यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, प्रसिद्ध झाले. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड मिसळून मातीच्या बंद मुशीत घालायचे, दिवसभराहून कमी नाही इतका वेळ भाता चालवायचा, मग मूस सावकाश थंड होऊ द्यायची. इराणी व्यापारी इथवर येऊन मुक्काम ठोकत आणि लाद्या पारखून विकत घेत. या पोलादाच्या तलवारी पश्चिम आशियात घडत आणि त्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे.

ही नक्षी पदर जोडून केलेली नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. मुशीत पोलाद पूर्ण वितळलेले असते. त्यात पदर असूच शकत नाहीत. सावकाश थंड होताना व्हॅनेडियमसारखी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात ठराविक रेषांत गोळा होतात, आणि पुढे कमी तावावर पुन्हा पुन्हा ठोकताना त्या रेषांवर लोह-कार्बाइडचे कण रांगा धरतात. अमेरिकेतले धातुवैज्ञानिक जॉन व्हरहूवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी हे १९९८ पर्यंत प्रयोगांनी दाखवून दिले. एक शास्त्रज्ञ आणि एक लोहार यांची नावे शोधनिबंधावर शेजारी असावीत, हे मला त्या निष्कर्षाइतकेच महत्त्वाचे वाटते. युरोपात पूर्वी या नक्षीची नक्कल करायला पदर जोडून, पिळून बंदुकीच्या नळ्या आणि पाती करत, आणि त्यांनाही ‘दमास्कस’च म्हणत. तेव्हापासून एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी फिरत आहेत. १९७३ साली विल्यम मोरन या अमेरिकन कारागिराने पदर जोडलेल्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि ही हौस पुन्हा जोरात सुरू झाली. आज ‘दमास्कस’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या या पदरांच्या असतात; वुट्झशी त्यांचा संबंध फक्त नावाचा.

लंडनमध्ये वुट्झचा अभ्यास करणाऱ्यांत तरुण मायकेल फॅरेडेही होता. सुऱ्या-कात्र्या करणारे जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर त्याने १८१९ ते १८२२ या काळात पोलादाच्या मिश्रणांवर काम केले. वुट्झचा गुण ॲल्युमिनियममुळे आहे असा त्याचा कयास होता, तो चुकला. पण मिश्रपोलादांच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात त्यातून झाली. विजेच्या धड्यात भेटणारा हा फॅरेडे लोहाराचा मुलगा होता.

हिशेब उलटा झाला

१८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची कृती जाहीर केली आणि पोलाद टनावारी तयार होऊ लागले. साधारण १९०० साली मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. कारखान्यातली कांब आता बैलगाडीने नव्हे, वाघिणीतून येऊ लागली. पुढे मोटारी आल्या आणि त्यांच्या मोडक्या कमानपाट्यांच्या रूपाने अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक कार्बनचे, सारखे, उत्तम पोलाद भंगाराच्या भावात गावात येऊन पडले. पूर्वी पोलाद महाग आणि श्रम स्वस्त होते. आता कोळसा आणि दोन माणसांचा वेळ महाग, पोलाद स्वस्त. जो लोहार पोलादाचा पदर जोडायचा तोच आता पाटा तोडून कोयता करू लागला. त्याचे कौशल्य कमी झाले म्हणून नव्हे, त्याचा हिशेब पक्का होता म्हणून. ‘लोपलेली विद्या’ म्हणून हळहळणारे लेख मी बरेच वाचले आहेत. कोयता वापरणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाट्याचा कोयता जुन्यापेक्षा वाईट नाही आणि त्याला परवडतो, हे त्यांत सहसा नसते.

मात्र काहीतरी गेले हेही खरे. जोड देणाऱ्या लोहाराला दोन धातूंचे ताव, वाळू आणि टाकणखार यांचे गुण, घणाचा क्रम हे सगळे ठाऊक असावे लागे, आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. बलुते बंद झाले, घिसाड्यांच्या गाड्या कमी झाल्या, आणि वरच्या परिच्छेदांत मी जे अंशांत आणि टक्क्यांत मांडले ते रंगांत आणि आवाजांत सांगू शकणारे लोक आता म्हातारे आहेत. त्यांच्याशी बोलून, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घेण्याचे काम विद्यापीठापेक्षा गावातली शाळा चांगले करू शकेल. ‘शेवटणे’, ‘ताव’, ‘पाणी उतरवणे’ अशा शब्दांची यादी केली तरी तो धातुशास्त्राचा एक चांगला धडा होतो.

हत्यारांची तपासणीही शाळेत करता येण्यासारखी आहे. जुन्या कुऱ्हाडीची किंवा छिन्नीची कड धारवाल्याच्या चाकावर धरून ठिणग्या पाहाव्यात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटून चांदण्यांसारख्या पसरतात. एकाच हत्याराच्या अंगाच्या आणि धारेच्या ठिणग्या वेगळ्या निघाल्या, तर तिथे जोड आहे असे धरून पुढे जावे. मग ती बाजू पॉलिश पेपरने, जाड कागदापासून सुरू करून सहाशे नंबरपर्यंत, एकाच दिशेने घासावी, साबणाने धुऊन कोरडी करावी आणि कापसाच्या बोळ्याने फेरिक क्लोराइडचे सौम्य द्रावण लावावे. इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी कोरायला हे द्रव्य वापरतात, त्यामुळे मिळणे अवघड नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकावे. अर्ध्या मिनिटात पोलाद काळसर होते, लोखंड उजळ राहते. दोघांच्या सीमेवर कधीकधी एक पांढरी बारीक रेघ दिसते. लोखंडाचा पृष्ठभाग भट्टीत जळून पापुद्रा होत असताना आर्सेनिकसारखी मूलद्रव्ये जळत नाहीत, ती पृष्ठभागाशीच साठत जातात, आणि जोड बसल्यावर ती रेघ होऊन आत बंद होतात.

हाच प्रयोग बांधकामावरच्या टीएमटी सळईच्या तुकड्यावरही करून पाहावा. जालना शहरात आज भंगार वितळवून अशा सळया करणारे अनेक कारखाने आहेत. पणजोबांची कुऱ्हाड भंगारात गेली तर तिची वाट बहुधा तिकडेच. तिथल्या विजेच्या भट्टीत तापमान सोळाशे अंशांच्या घरात असते, सगळे वितळते आणि जोडाची रेष शिल्लक राहत नाही. पण सळई लाटून बाहेर येताना तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. बाहेरचा भाग क्षणात थंड होऊन कठीण होतो, आतला गाभा सावकाश निवून मऊ राहतो, आणि गाभ्यात उरलेली उष्णता बाहेरच्या कड्याचा ठिसूळपणा कमी करते. सळई आडवी कापून, घासून, द्रावण लावले की कडेने गडद वलय आणि मध्ये उजळ वर्तुळ दिसते. दोन्हींचा धातू एकच, कार्बनही तेवढाच, आणि जोड कुठेही नाही.